हवाई गिटार : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

ज्यांच्या घरी जुनी हवाई गिटार, म्हणजेच मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी बार सरकवीत वाजविण्याची स्टील गिटार, आहे त्यांनी आपले प्रश्न कळवावेत, असे आवाहन या सदरातून गेल्या अंकात केले होते. सोलापूर शहरातून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : माझे आजोबा गिरणीतील नोकरी सांभाळून गणेशोत्सवातील मेळ्यांत आणि पुढे एका ऑर्केस्ट्रात हवाई गिटार वाजवीत असत. माळा आवरताना त्यांची लाकडी गिटार सोलापुरी चादरीत गुंडाळलेली सापडली. ती काचेच्या कपाटात ठेवावी, असे घरच्यांचे म्हणणे आहे; मला मात्र ती शिकायची आहे. इतकी जुनी वाद्ये घेऊन आज कोणी रंगमंचावर बसते का? — साखर पेठ

उत्तर : बसते, आणि मोठमोठ्या सभागृहांत बसते. अमेरिकेतील बेन हार्पर हे याचे ठळक उदाहरण आहे. लॉस एंजेलिस येथील हर्मन वाइसनबोर्न या कारागिराने १९२० च्या दशकात घडविलेल्या गिटारी मांडीवर घेऊन ते अनेक वर्षे कार्यक्रम करीत आले आहेत. या गिटारीची दांडी आतून पोकळ असते, त्यामुळे दांडीसकट सगळे लाकूड बोलते आणि स्वराला एक प्रकारची ऊब येते. वाइसनबोर्न १९३७ साली वारले. त्यांच्या हातची वाद्ये आता नव्याने होणार नाहीत, म्हणून त्यांना फार मोल आहे. हार्पर यांच्या आजी-आजोबांनी कॅलिफोर्नियातील क्लेअरमॉन्ट गावी १९५८ साली वाद्यांचे दुकान काढले होते आणि त्याच दुकानात ते लहानाचे मोठे झाले. घरात वाद्य असणे आणि ते मुलांच्या हाती पडू देणे यांतून काय घडू शकते, हे आपल्या घरच्यांना अवश्य सांगावे.

डेव्हिड लिंडले हेही वाइसनबोर्नचे मोठे वादक होते. गायक जॅक्सन ब्राउन यांच्या साथीला १९७० च्या दशकात त्यांनी रिकनबॅकर कंपनीची बेकेलाइटची (जुन्या काळच्या कडक प्लास्टिकची) जुनी विजेवरची गिटार वाजविली आणि ज्या पिढीने हवाई गिटारीचे नावही ऐकले नव्हते, तिच्या कानांवर तो स्वर घातला. २०२३ साली त्यांचे निधन झाले. धातूच्या अंगाच्या नॅशनल गिटारींना पुन्हा मानाचे स्थान मिळवून देण्यात बॉब ब्रोझमन यांचा वाटा फार मोठा आहे. १९२७ साली बाजारात आलेल्या नॅशनलच्या ट्रायकोन गिटारीत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे तीन शंकू असतात आणि तारेचे कंपन त्यांच्यावर जाऊन विजेशिवाय मोठा आवाज निघतो. ब्रोझमन यांनी असली जुनी वाद्ये जमविली, त्यांचा इतिहास लिहिला आणि २०१३ साली मृत्यू येईपर्यंत तीच वाद्ये घेऊन ते जगभर फिरले. आपल्या कोलकात्याचे गिटारवादक देबाशिष भट्टाचार्य यांच्याबरोबर त्यांनी केलेले ध्वनिमुद्रण आपण मुद्दाम मिळवून ऐकावे, कारण हवाई बेटांची रीत आणि आपली रागदारी तेथे शेजारीशेजारी बसलेली ऐकू येते.

आपल्या आजोबांच्या हाती हे वाद्य कसे आले असेल, याचा माग काढणेही अगत्याचे आहे. हवाई बेटांवर १८७४ साली जन्मलेल्या जोसेफ केकुकू यांना या वादनपद्धतीचे जनक मानले जाते. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनातून हवाई संगीताचे वेड अमेरिकाभर पसरले, ध्वनिमुद्रिका निघाल्या, वादकांचे ताफे देशोदेशी निघाले आणि ते आशियातही पोहोचले. हवाई गिटारवादक टाऊ मो आणि त्यांचे कुटुंबीय १९४० च्या दशकात काही वर्षे कलकत्त्यात राहिले. तेथे त्यांनी वाजविले आणि शिकविलेही. कलकत्त्यातून आणि मुंबईच्या चित्रपटसृष्टीतून हा स्वर घरोघरी गेला. लखनौचे व्हॅन शिपले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांनी वाजविलेल्या हिंदी चित्रपटगीतांच्या धुना आपल्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ असत. गाण्यातला शब्द काढून घेतला तरी गाणे ओळखू यावे इतकी मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे) या वाद्यात असल्यामुळे ऑर्केस्ट्रात त्याला गायकाच्या जागी बसविता येत असे.

हे वाद्य आपल्याकडे इतक्या सहजतेने रुजले याचे आणखी एक कारण मला महत्त्वाचे वाटते. तारेवर गुळगुळीत वस्तू सरकवून स्वर काढणे आपल्या कानांना मुळीच परके नव्हते. उत्तरेत विचित्र वीणा आणि दक्षिणेत गोट्टुवाद्य ही दोन्ही वाद्ये त्याच रीतीने वाजतात. म्हणूनच ब्रिजभूषण काबरा यांनी हवाई गिटारीवर राग वाजविण्याचा ध्यास घेतला तेव्हा ती ओढाताण वाटली नाही. १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह निघालेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेने गिटार शास्त्रीय मैफलीत बसू शकते हे सिद्ध केले. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी तरफेच्या (आपोआप झंकारणाऱ्या) तारा जोडून मोहनवीणा घडविली आणि १९९४ साली अमेरिकी गिटारवादक राय कूडर यांच्यासह त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे : ती गिटार कपाटात बंद करू नये, तिच्यावर शिकावे. न वाजणाऱ्या वाद्याचा दोष कोणाच्या लक्षात येत नाही. खुंटी अडकते, घोडी (तारांना पोटावर आधार देणारा तुकडा) उचलली जाते, सांधा सुटतो आणि काचेमागे सगळे ठीकच दिसत राहते. मात्र उत्साहाच्या भरात आज रात्रीच तारा ताणू नयेत. प्रथम कापूस न सोडणाऱ्या कोरड्या फडक्याने धूळ पुसावी. घोडीखाली पोस्टकार्डाची कड सरकवून पाहावी. ती आत शिरली तर घोडी सुटू लागली आहे असे समजावे. पाठीवर बोटाच्या पेराने ठिकठिकाणी हलके टिचकावे. आतून खडखड ऐकू आली, तर आतली एखादी पट्टी मोकळी झाली आहे. यांपैकी काहीही आढळल्यास तारा न चढविता गिटार मिरजेला न्यावी. तेथील सतार आणि तंबोरे घडविणाऱ्या कारागिरांचा हात लाकडाच्या सांध्यावर बसलेला आहे. त्यांना एवढेच सांगावे की जुने पॉलिश खरवडू नका आणि जेथे सरस (लाकूड जोडण्याचा जुना डिंक) होता तेथे सरसच वापरा, म्हणजे पुढे कधी सांधा उघडावा लागला तरी लाकूड फाटणार नाही.

चादरीबद्दल एक सूचना. सुती चादर धुळीपासून वाचविते, पण पावसाळ्यात ओल धरते आणि ती ओल तारांना व खुंट्यांना लागते. गिटार पेटीत ठेवावी आणि पेटी भिंतीपासून दूर असावी. माळ्यावर तर ती पुन्हा ठेवूच नये, कारण सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर जी उष्णता साठते तिने सरस मऊ पडतो.

प्रश्न : हवाई गिटार कोणत्या स्वरांत लावावी, याबद्दल दोन जाणकारांनी मला दोन वेगवेगळी उत्तरे दिली. माझी गिटार साधीच, गोल दांडीची आहे. फक्त नटावर (दांडीच्या टोकाशी तारा जिच्यावर टेकतात त्या आडव्या तुकड्यावर) लोखंडी पट्टी बसवून तारा उंच केल्या आहेत. — जुळे सोलापूर

उत्तर : दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील, परंतु आपल्या गिटारीला त्यांतील एकच लावणी (तारा स्वरांत लावण्याची रीत) मानवेल. हवाई वादकांत ए मेजरची लावणी पूर्वापार आहे : जाड तारेकडून ई, ए, ई, ए, सी शार्प, ई. नेहमीच्या गिटारीच्या लावणीशी ताडून पाहिले, तर यात मधल्या तीन तारा प्रत्येकी एक पूर्ण स्वर वर चढवाव्या लागतात. गोल दांडीच्या जुन्या गिटारीवर हा जादा ताण दांडी वाकविण्यास आणि घोडी उचलण्यास पुरेसा ठरतो. जी मेजरच्या लावणीत, म्हणजे डी, जी, डी, जी, बी, डी यांत, तीन तारा तेवढ्याच उतरतात आणि बाकीच्या तीन जागच्या जागी राहतात. स्वरांमधील अंतरे दोन्ही लावण्यांत तीच असल्यामुळे एकीवर शिकलेले दुसरीवर जसेच्या तसे वाजते. आपण जी मेजरचीच लावणी ठेवावी. चौकोनी, जाड दांडीची गिटार असती तर ए मेजरला माझी हरकत नव्हती.

प्रश्न : आमच्या ऑर्केस्ट्रातील ज्येष्ठ वादकांकडून मला रिकनबॅकरची विजेवरची जुनी स्टील गिटार मिळाली आहे. आवाज फार क्षीण येतो आणि मध्येच जातो. मोटार रिवाइंडिंग करणारे एक परिचित पिकअप (तारेच्या कंपनाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा भाग) नव्याने गुंडाळून देतो म्हणतात, तर दुसरे जण नवा पिकअप बसवा असे सांगतात. काय करावे? — होटगी रस्ता

उत्तर : दोन्ही सूचना तूर्त बाजूला ठेवाव्यात. आपल्या हाती आलेल्या वाद्याचे घराणे फार मोठे आहे. विजेवरची गिटार म्हणून जिचा बाजारात खऱ्या अर्थाने प्रवेश झाला ती रिकनबॅकरची स्टील गिटारच होती. जॉर्ज बीचम यांच्या कल्पनेतून १९३१-३२ मध्ये ती आकाराला आली. तिच्या पिकअपमध्ये घोड्याच्या नालेच्या आकाराचे दोन चुंबक समोरासमोर असतात आणि तारा त्या नालांच्या आतून जातात. तारेच्या वरही चुंबक आणि खालीही चुंबक, अशी रचना नंतरच्या पिकअपांत क्वचितच आढळते. जेरी बर्ड यांच्यासारखे वादक याच पिकअपच्या गिटारींवर वाढले आणि आजचे वादकही त्या स्वरासाठीच जुनी वाद्ये शोधत असतात. पिकअप बदलला तर गिटार तीच दिसेल, पण ज्या कारणासाठी ती जपायची ते कारणच निघून जाईल.

आवाज मध्येच जातो, याचा अर्थ दोष बहुधा पिकअपच्या बाहेर आहे. आधी वायर बदलून पाहावी. मग वायर जेथे खोचतो त्या जॅकमधील पत्र्याची पट्टी सैल झाली आहे का ते पाहावे, आणि आवाजाचे बटण हळूहळू दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे. खरखर ऐकू आली तर आतील पोटेन्शिओमीटर धुळीने भरला आहे आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणाऱ्या कॉन्टॅक्ट क्लीनरने तो बहुतेक वेळा सुधारतो. एवढे करूनही गुण आला नाही तर मल्टिमीटरने पिकअपमधील तारेच्या वेटोळ्याचा रोध मोजावा. काही हजार ओहमचा स्थिर आकडा आला तर वेटोळे शाबूत आहे. मीटर काहीच दाखवीत नसेल, तरच तार तुटली आहे.

तार तुटलीच असेल, तरी मोटारीच्या कारखान्यात गिटार देऊ नये. यंत्रमागाच्या मोटारी गुंडाळणारे आपल्या शहरातील कारागीर त्यांच्या कामात वाकबगार आहेत, याबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण पिकअपची तार सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची, आपल्याकडच्या मापाने ४६ नंबरच्या आसपासची असते आणि मोटारीच्या यंत्राच्या ओढीने ती तटकन तुटते. हे काम गिटारीचे पिकअप गुंडाळणाऱ्यानेच करावे. चुंबक सोडविण्यापूर्वी ते कोणत्या बाजूने बसले आहेत याची खूण करावी, आणि बाहेर काढलेल्या प्रत्येक नालेच्या दोन टोकांवर लोखंडाचा तुकडा आडवा चिकटवून ठेवावा. तसे न केल्यास चुंबकाची शक्ती हळूहळू कमी होते. शक्ती आधीच उतरली असेल, तर ते पुन्हा भारून घेता येतात.

गिटारीचे अंग ॲल्युमिनियमचे आहे की बेकेलाइटचे, ते आपण लिहिलेले नाही. ॲल्युमिनियमची असेल तर रंगमंचावरील प्रखर दिव्यांखाली ती बेसूर होते, ही तक्रार तिच्या जन्मापासूनची आहे, कारण धातूचे अंग आणि तार दोन्ही तापतात पण सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. १९३५ साली कंपनीने बेकेलाइटचे मॉडेल काढले. हुतात्मा स्मृती मंदिरात कार्यक्रम असो की गड्डा यात्रेच्या मोकळ्या मैदानात, कार्यक्रमापूर्वी अर्धा तास गिटार दिव्यांखाली उघडी ठेवावी आणि मगच लावावी. बेकेलाइटची असेल तर ती पडणार नाही याची काळजी घ्यावी. बेकेलाइट वाकत नाही, सरळ फुटते.

प्रश्न : वडिलांनी परदेशातून आणलेला वाल्व्हचा जुना ॲम्प्लिफायर गिटारीबरोबर वापरावयाचा आहे. पिन बदलून घेतली तर चालेल का? — विजापूर रोड

उत्तर : केवळ पिन बदलून कदापि लावू नये. तो अमेरिकेतील असेल तर तो तेथील ११० ते १२० व्होल्टसाठी बनविलेला आहे आणि आपल्या २३० व्होल्टवर क्षणात जळेल. मागील पट्टीवरील आकडा वाचून, योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा. जुन्या ॲम्प्लिफायरांना अर्थिंग नसते. स्टील गिटार वाजविताना डाव्या हातातील पोलादी बार सतत तारांवर असतो, म्हणून येथील धोका इतर वाद्यांपेक्षा अधिक आहे. जाणकार तंत्रज्ञाकडून तीन पिनांची, अर्थिंग असलेली वायर बसवून आणि वाळलेले फिल्टर कंडेन्सर बदलून घेतल्याशिवाय हात लावू नये. बंद केल्यानंतरही आत शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात, तेव्हा घरी झाकण उघडू नये.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची आहे आणि तिला हवाई गिटार शिकावयाची आहे. सुरुवातीलाच जुने, नामांकित वाद्य घ्यावे का? — अशोक चौक

उत्तर : घेऊ नये. तिला साध्या लाकडी गिटारीवर नट उंच करून द्यावा, हाताला पेलेल असा हलका बार आणि बोटांच्या मापाच्या नख्या घ्याव्यात. या वाद्यात पडद्यांचा आधार नसतो. बार दांडीवरील त्या स्वराच्या पट्टीच्या नेमका वर आणि तारांना काटकोनात राहिला तरच स्वर खरा लागतो, आणि बारमागची बोटे तारांवर हलकी टेकलेली नसतील तर खरखर येते. पहिले वर्ष तंबोरा लावून, डोळे मिटून, केवळ सा, प आणि वरचा सा शोधण्यात गेले तरी चालेल. गाणे शिकविणारे गुरू जवळ असतील तर तिला त्यांच्याकडेही बसवावे, कारण मींड कोठून कोठे घ्यावयाची हे गळ्यातूनच लवकर समजते. जुने वाद्य तिला नंतर द्यावे, ती स्वतःहून स्वर सुधारून घेऊ लागली की.