दिवसपाळीचा रंग, रात्रपाळीचा रंग

प्रश्न : भोसरी परिसरात आमचा लहान फोर्जिंग (तापलेले पोलाद ठोकून घडवण्याचा) कारखाना आहे. आमचे जुने कारागीर रंग पाहून बिलेट (घडवायचा पोलादी ठोकळा) भट्टीतून काढतात, परंतु नव्या मुलांना ते साधत नाही. दिवसपाळीत काही जॉब (घडवायचे नग) जळतात, तर रात्रपाळीत जॉबच्या कडांना तडे जातात. पायरोमीटर (दुरून तापमान मोजणारे यंत्र) आणूनही फरक पडलेला नाही. मुलांना कसे तयार करावे?

उत्तर : दिवस आणि रात्र हा भेद तुम्हीच टिपला आहे, आणि दुखणे बहुधा तिथेच आहे. सुमारे 1200 अंश सेल्सियसला तापलेले पोलाद अंधाऱ्या शेडमध्ये फिकट पिवळे दिसते. दुपारी दारातून ऊन आत आले, की तेच मंद, कमी तापल्यासारखे भासते. मग मुलगा ते आणखी तापू देतो, पोलादातील कणांच्या सीमा वितळू लागतात, ठिणग्या उडतात आणि असा जळलेला जॉब कोणत्याही उष्णोपचाराने सुधारत नाही. रात्री उलट घडते : कमी तापलेले बिलेट झगझगीत दिसते, लवकर बाहेर काढले जाते आणि घडवताना त्याला तडे जातात. म्हणून आधी भट्टीच्या तोंडावर येणारे ऊन अडवा आणि सर्व पाळ्यांत तिथला उजेड सारखाच मंद ठेवा. गॉगलच्या काचेनेही रंग बदलतो, तेव्हा सर्वांना एकाच छटेचे गॉगल द्या. भट्टीच्या उष्ण किरणांनी वर्षानुवर्षांत मोतीबिंदू होऊ शकतो, त्यामुळे गॉगल काढून रंग पाहण्याची सवय कोणालाही लागू देऊ नका.

पायरोमीटर बिलेटवर रोखण्यापूर्वी तेवढ्या जागेवरची स्केल (तापलेल्या पोलादावर धरणारी ऑक्साइडची पापडी) झाडायला शिकवा. सुटलेली पापडी आतल्या धातूच्या आधी निवते आणि आकडा खोटाच कमी येतो. त्यानंतर मुलाने पडद्याकडे न पाहता आधी स्वतःचा अंदाज सांगावा, मग मोजावे, आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहावेत. नजर अशीच घडते. नुसते मोजत राहिल्याने ती घडत नाही.

एक प्रयोग मात्र अवश्य करून दाखवा. ईएन-8 या मध्यम कार्बनच्या पोलादाच्या एकाच गजाचे दोन तुकडे घ्या, एक 850 अंशांना आणि दुसरा 1250च्या वर बराच वेळ तापवा, पाण्यात विझवा आणि मोडा. पहिल्याची मोडलेली बाजू बारीक दाण्यांची, करडी दिसेल; दुसऱ्यात खडीसाखरेसारखे चकाकणारे खडबडीत दाणे दिसतील. तो तुकडा हातात घेतलेल्या मुलाला ‘जास्त तापवू नको’ असे वेगळे सांगावे लागत नाही.

सर्वांत अवघड शिक्षण हॅमर (घाव घालणारे यंत्र) वेळीच थांबवण्याचे आहे. अशा पोलादाचा रंग डाळिंबी लालाच्या खाली, म्हणजे साधारण 850 अंशांखाली उतरला, की घाव थांबवून जॉब पुन्हा भट्टीत गेला पाहिजे. तडे बहुतेक त्या शेवटच्या दोन-तीन घावांतच पडतात. मुलांना हे कळत नाही असे नाही, पण दिवसाच्या जॉबचा आकडा भरण्याच्या घाईत ते घाव मारत राहतात. निवलेला जॉब बाजूला ठेवणाऱ्याच्या दिवसाच्या हिशेबातून तो जॉब वजा करू नका.