ॲमस्टरडॅमचे हिऱ्यांचे संग्रहालय आई-वडिलांना दाखवण्याजोगे आहे का?

आपण गुहागरहून आई-वडिलांना घेऊन नेदरलँड्सला जात आहात आणि ॲमस्टरडॅममधील मोजक्या वेळातून एक दुपार हिऱ्यांच्या संग्रहालयासाठी काढावी का, असे आपण विचारले आहे. जरूर काढावी; मात्र इतिहासप्रसिद्ध हिरे डोळ्यांनी पाहायला मिळतील, या आशेने जाऊ नये. मी पाहिले तेव्हा राजमुकुट आणि नावाजलेले हिरे या प्रतिकृतीच होत्या. ते कळल्यावर आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी हिरमुसतात, म्हणून आई-वडिलांना आधीच सांगून ठेवावे.

पाहण्यासारखी खरी गोष्ट म्हणजे पैलू पाडण्याची कला. हे संग्रहालय १८४० साली सुरू झालेल्या कोस्टर या हिऱ्यांच्या पेढीने उभारले आहे आणि १८५२ साली कोहिनूरला नव्याने पैलू पाडण्यासाठी लंडनला बोलावले गेले ते याच पेढीचे कारागीर. आदल्या वर्षीच्या लंडनच्या प्रदर्शनात कोहिनूर निस्तेज दिसल्याची ओरड झाली होती. आपल्याकडचे जुने कारागीर दगडाचे वजन राखत, तर युरोपीयांना आतून परतणारा प्रकाश हवा होता. त्या हट्टापायी १८६ कॅरटचा हिरा सुमारे १०५ कॅरटवर आला. हे ठाऊक असले की प्रतिकृतीसमोरही पाय रेंगाळतात. (मला स्वतःला तो सौदा आतबट्ट्याचाच वाटतो.)

पेढीच्या कारखान्यात कारागीर काम करताना दिसतात, तेथे घाई करू नये. बिडाची चकती गरगर फिरत असते, तिच्यावर तेलात कालवलेली हिऱ्याचीच पूड असते, कारण हिऱ्याला झिजवू शकेल असे दुसरे काही हाताशी नसते. कारागीर चिमट्यात धरलेला खडा क्षणभर टेकवतो, उचलतो, भिंगातून निरखतो आणि पुन्हा टेकवतो. आपल्या आईंच्या कानांत कुड्या असतील, तर त्यांना हे पाहताना वेगळेच वाटेल.

वडिलांना इतिहासाची आवड असेल, तर निघण्यापूर्वी रत्नागिरीचा थिबा राजवाडा एकदा दाखवून आणावा; इंग्रजांनी पदच्युत केलेल्या ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला येथेच स्थानबद्ध ठेवले होते. १८८५ साली ब्रह्मदेशाचे राज्य गेले तेव्हा थिबा राजाचे प्रसिद्ध माणिक एका इंग्रज अधिकाऱ्याने नेले आणि ते कधीच परत मिळाले नाही, असे त्याच्या घराण्याचे म्हणणे आहे. राजांची रत्ने कोणाकडून कोणाकडे गेली, हा विषय मग घरबसल्याच निघतो.

संग्रहालयाला तासभर पुरतो. व्हॅन गॉग संग्रहालय अगदी लगत असल्यामुळे दोन्ही एकाच दिवशी जमतात. वेळा आणि तिकिटाचे दर मात्र जाण्यापूर्वी ताडून पाहावेत. पेढीची विक्री तेथेच चालते आणि आग्रहही होतो. घ्यायचेच झाले तर प्रमाणपत्राशिवाय खडा घेऊ नये आणि पावती सामानात न टाकता जवळ ठेवावी, कारण परतताना विमानतळावर सीमाशुल्क अधिकारी ती मागू शकतात.