वाचकांचे प्रश्न : डिझेलचा परतावा आणि कोळंबीवरील अमेरिकी शुल्क

प्रश्न : मिरकरवाडा बंदरात माझी एक ट्रॉलिंगची नौका आहे. मच्छीमार सोसायटीच्या पंपावर डिझेल भरतो आणि त्यावरील मूल्यवर्धित कराचा परतावा काही महिन्यांनी जमा होतो. गेल्या हंगामात कोळंबी उचलणाऱ्या एजंटाने भाव पाडताना सांगितले, “तुम्हांला सरकार सबसिडी देते, म्हणून अमेरिकेने शुल्क बसवले.” परतावा घेणे हा नियमभंग आहे काय? – एक नौकामालक, रत्नागिरी

उत्तर : नियमभंग मुळीच नाही. एजंटाच्या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे आणि तिचा भुर्दंड आपल्यासारख्यांना पडतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

जागतिक व्यापार संघटनेचा अनुदानांविषयीचा करार १ जानेवारी १९९५ पासून लागू आहे. सरकारने पैसा दिला किंवा हक्काचा महसूल सोडून दिला, त्यातून लाभ झाला आणि तो लाभ ठरावीक उद्योगापुरता असला, तर त्या करारानुसार ते अनुदान ठरते. या कसोटीवर आपला परतावा अनुदानच आहे. परंतु या करारात सरसकट बंदी फक्त दोन प्रकारच्या अनुदानांवर आहे : निर्यातीच्या अटीवर दिलेली आणि आयात मालाऐवजी देशी माल वापरण्याच्या अटीवर दिलेली. आपली कोळंबी रत्नागिरीच्या बाजारात विकली गेली काय किंवा बर्फात बसून परदेशी गेली काय, परतावा तेवढाच मिळतो. त्यामुळे तो या बंदीत बसत नाही. (आपल्या घरी हापूसची कलमे असतील तर त्यांच्यासाठी मिळणाऱ्या मदतीला शेतीविषयक वेगळा करारही लागू होतो, मासळी मात्र त्या करारातून वगळलेली आहे.)

बंदी नसलेल्या अनुदानावरही आयातदार देश प्रतिकारी शुल्क, म्हणजे व्यापारी बोलीतील ‘सीव्हीडी’, लावू शकतो. मात्र त्यासाठी रीतसर चौकशी करून अनुदान दिले गेले, स्थानिक उद्योगाचे नुकसान झाले आणि ते नुकसान त्या अनुदानित आयातीमुळेच झाले, हे तिन्ही मुद्दे सिद्ध करावे लागतात. यांतला एक जरी मुद्दा निसटला तरी शुल्क लागत नाही, आणि याचे उदाहरण कोळंबीचेच आहे. २०१३ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य विभागाने भारतीय गोठवलेल्या कोळंबीला अनुदान मिळते असा निष्कर्ष काढला होता. परंतु तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने अमेरिकी उद्योगाला नुकसान झालेले नाही असा निर्णय दिला आणि प्रकरण तेथेच मिटले. २०२४ मध्ये दोन्ही निष्कर्ष विरोधात गेले, आणि बहुतेक भारतीय निर्यातदारांना ५.७७ टक्के प्रतिकारी शुल्क लागू झाले.

हा दर आला कोठून? चौकशीत सर्व निर्यातदार तपासले जात नाहीत. काही मोठ्या कंपन्या निवडतात, त्यांना मिळालेल्या योजनांचा हिशेब मांडतात आणि उरलेल्यांना त्यावरूनच दर लावतात. या वेळी निवडलेल्या कंपन्या आंध्र किनाऱ्यावरच्या होत्या. अशा चौकशीचा रोख मुख्यतः निर्यातदाराच्या हाती पडणाऱ्या लाभांवर असतो, उदाहरणार्थ ड्युटी ड्रॉबॅक (निर्यात मालासाठी वापरलेल्या मालावरील सीमाशुल्काचा परतावा) किंवा १ जानेवारी २०२१ पासूनची, निर्यात मालावरील इतर कर परत करणारी ‘रोडटेप’ योजना. निर्यात मालावरील कर परत करणे मुळात अनुदान नव्हे. निर्यातदाराला मिळणारा असा परतावा भरलेल्या करापेक्षा जास्त असेल, तर तो अनुदान ठरू शकतो.

आपल्यासारख्या नौकामालकाला जेटीवर मिळालेला लाभ निर्यातदाराच्या कारखान्यापर्यंत पोहोचला असे नुसते गृहीत धरता येत नाही. कॅनडाच्या लाकडाच्या प्रकरणात जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने २००४ मध्ये हेच सांगितले : ओंडके विकणारा आणि घेणारा एकमेकांशी संबंधित नसतील, तर पहिल्याचा लाभ दुसऱ्याकडे गेला हे दाखवून द्यावे लागते. आपण आणि एजंट जाळीतल्या कोळंबीच्या भावासाठी पहाटे घासाघीस करता, यावरून हे नाते कसे आहे ते कळतेच.

राहिला भावाचा प्रश्न. प्रतिकारी शुल्क भरतो अमेरिकेतला आयातदार. तो ते निर्यातदाराकडून कापून घेऊ पाहतो आणि निर्यातदार बंदरावरून. शिवाय २७ ऑगस्ट २०२५ रोजी भारतीय मालावरील अतिरिक्त शुल्क ५० टक्क्यांवर नेण्यात आले, त्याचा अनुदानाशी संबंध नव्हता. तेव्हा एजंट ‘शुल्क’ म्हणाला की कोणते आणि किती टक्के, हे सोसायटीमार्फत विचारावे. ५.७७ टक्क्यांच्या नावाखाली भाव पाचव्या हिश्शाने उतरत असेल, तर त्याचे कारण आपला परतावा नाही.

प्रश्न : वेंगुर्ल्यात आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. परदेशी काजूगर स्वस्त येतो. आपणही त्यावर असे प्रतिकारी शुल्क मागू शकतो काय? – एक उद्योजिका, सिंधुदुर्ग

उत्तर : मागता येते, पण माल स्वस्त आहे एवढे कारण पुरत नाही. त्यामागे तेथील सरकारचे अनुदान आहे, हे दाखवावे लागते. तेथील कारखानदारच आपल्या देशातल्या भावापेक्षा कमी भावात येथे विकत असेल, तर ते डंपिंग, आणि त्याची चौकशी वेगळी. दोन्ही अर्ज दिल्लीच्या व्यापार उपाययोजना महासंचालनालयाकडे जातात. अर्जामागे देशातील किमान २५ टक्के उत्पादन उभे असावे लागते, म्हणून एकट्या वेंगुर्ल्याने भागणार नाही. गोवा, मंगळुरू, कोल्लम येथील उत्पादकांना बरोबर घ्यावे लागेल.

त्याआधी एक काम आजच सुरू करावे. किती बी उकडले, किती गर निघाला, सोलणाऱ्या बायकांना किती दिवस काम मिळाले आणि गोदामात किती डबे पडून राहिले, याची नोंद महिन्यागणिक ठेवावी. नुकसान सिद्ध होते ते याच आकड्यांवर, आणि छोट्या कारखान्यांच्या वहीत नेमके तेच नसतात.