घराण्यात कुणालाच नाही, मग बाळाला कसं?

"आमच्या दोन्हीकडे कुणालाच फिट येत नाही. मग हे जनुकांमुळे कसं?" असं माझ्याकडे जनुकीय सल्ल्यासाठी येणारं जवळजवळ प्रत्येक जोडपं विचारतं. हे दोघंही त्यावरच अडले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलीला तान्हेपणापासून फिट्स यायच्या. पुढे हातपाय पिळवटायला लागले, ताप आला की जास्तच. व्हिडिओ ईईजीत (चित्रीकरण करत घेतलेल्या मेंदूच्या विद्युत लहरींच्या नोंदीत) दिसलं की हे पिळवटणं म्हणजे फिट नव्हे, हालचालींचा वेगळा विकार आहे. जनुक तपासणीत जीएनएओ१ या जनुकात बदल सापडला. मेंदूच्या पेशींमध्ये संदेश पुढे पोचवणारं एक प्रथिन या जनुकावरून बनतं. ते बिघडलं की कुणाला फिट्स येतात, कुणाच्या हालचालींवरचा ताबा जातो, कुणाला दोन्ही होतं.

आई-वडिलांच्या रक्तात तो बदल नव्हता. म्हणजे तो बीजपेशीत (स्त्रीबीजात किंवा शुक्राणूत) किंवा गर्भधारणेनंतर लगेच, नव्यानेच झालेला. असे काही डझन नवे बदल आपल्या प्रत्येकात असतात, बहुतेक निरुपद्रवी. हे सांगत असताना आई मध्येच म्हणाली, "तिसऱ्या महिन्यात मी जिन्यावरून पडले होते." हा खरा प्रश्न, आणि तो सहसा उशिराच बाहेर येतो. पडण्याने, गोळीने किंवा काळजीने हा बदल होत नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. दोनदा सांगितलं.

पुढच्या बाळाचं काय? धोका साधारण एक टक्का धरतात. शून्य म्हणत नाही, कारण रक्तात नसलेला बदल काही बीजपेशींत लपलेला असू शकतो. म्हणून गर्भजल तपासणीचा पर्याय मी सांगतेच. बदल एएलडीएच७ए१ या, फिट्सच्याच दुसऱ्या एका आजाराच्या जनुकातला असता तर हिशेब वेगळा. तिथे आई-वडील दोघंही निरोगी वाहक (जनुकाची एक प्रत बिघडलेली, एक चांगली) असतात आणि प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्के. घराण्यात कुणी आजारी नसणं दोन्हीकडे सारखंच! त्या आजारात फिट्स बी६ जीवनसत्त्वाने आटोक्यात येतात, तेव्हा तपासणी नुसती नाव कळण्यासाठी नसते.

निघताना वडिलांनी विचारलं, "माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरतंय. तिची तपासणी करावी का?" या बदलासाठी गरज नाही. जो तिच्या भावातच सापडला नाही, तो तिच्यात शोधण्यात अर्थ नाही.