नाटक शिकायचे, पण केव्हा?

प्रश्न : मी यंदा वाणिज्य शाखेतून बारावी झाले असून शाळेपासून एकांकिकांत कामे करते. मला नाट्यशास्त्रातच पदवी घ्यायची आहे, वडील मात्र आधी बी.कॉम. कर म्हणतात. काय करावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : वडिलांचे ऐकल्याने तुमची वाट बंद होत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातील ३ वर्षांच्या पदविकेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. नाटकांतील कामाचा अनुभव मात्र लागतो. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात बारावीनंतरही नाटक शिकता येते. तेव्हा खरा प्रश्न तुमच्या ओढीचा आहे. प्रयोग संपून टाळ्या थांबल्यावर लेव्हल (नेपथ्यातले लाकडी चौथरे) उचलून टेम्पोत चढवताना, किंवा भूमिका न मिळाल्यामुळे विंगेत हातात संहिता धरून प्रॉम्प्टिंग करताना तुमचे मन रमते का, हे प्रामाणिकपणे तपासा, कारण या शिक्षणात नेपथ्य आणि प्रकाशयोजनाही शिकावी लागते (नुसता अभिनय हवा असणारे इथेच कंटाळतात). उत्तर ‘हो’ असेल, तर प्रवेशपरीक्षा जरूर द्या. मन द्विधा असेल, तर बी.कॉम.साठी १९६३पासून चालणाऱ्या पुरुषोत्तम करंडकासारख्या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांत नेमाने उतरणारे महाविद्यालय निवडा. प्रवेशापूर्वी तिथली एखादी तालीम पाहून या आणि वडिलांनाही सोबत न्या.