‘आधी बाजूने, मग विरोधात’ : एका वाक्याची तपासणी

प्रश्न : अमेरिकेच्या २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीतील उमेदवार जॉन केरी यांनी इराक युद्धाबद्दल भूमिका बदलल्याचा पुरावा म्हणून त्यांचे ‘८७ अब्ज डॉलरच्या बाजूने मी आधी मत दिले आणि नंतर विरोधात दिले’, या अर्थाचे वाक्य सांगितले जाते. हा पुरावा पुरेसा मानावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : केवळ त्या वाक्यावरून तसे म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्यात दोन वेगळ्या मतदानांचा उल्लेख आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये इराक आणि अफगाणिस्तानसाठी सुमारे ८७ अब्ज डॉलरच्या तरतुदीचे विधेयक सेनेटपुढे आले, तेव्हा हा पैसा अतिश्रीमंतांची करसवलत कमी करून उभारावा, अशी दुरुस्ती जो बायडेन आणि केरी यांनी सुचवली होती. केरी यांनी दुरुस्तीला पाठिंबा दिला. ती फेटाळली गेली आणि मूळ विधेयक ८७ विरुद्ध १२ मतांनी संमत झाले, तेव्हा ते त्या बारा जणांत होते. मार्च २००४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील हंटिंग्टन येथे हा सारा क्रम त्यांनी एकाच वाक्यात कोंबला आणि बुश यांच्या प्रचाराने तेवढे वाक्य उचलून जाहिरातीत वापरले.

तरीही केरी निर्दोष ठरत नाहीत. मतदानाच्या महिनाभर आधी एका दूरचित्रवाणी मुलाखतीत, सैन्याला वाऱ्यावर सोडणे बेजबाबदारपणाचे ठरेल, असे त्यांनीच सांगितले होते. हा दाखला मला त्या गाजलेल्या वाक्यापेक्षा कितीतरी वजनदार वाटतो.

खरी तपासणी मात्र ऑक्टोबर २००२ पासून सुरू करावी लागते. युद्धाचा अधिकार अध्यक्षांना देणारा ठराव सेनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी संमत केला, तेव्हा केरी ठरावाच्या बाजूने होते; मात्र आपले मत सद्दाम हुसेन यांच्याकडील संहारक शस्त्रे काढून घेण्यापुरते आहे आणि अध्यक्षांनी संयुक्त राष्ट्रांना सोबत घ्यावे, असे त्यांनी सभागृहात बजावले होते. त्यामुळे मार्च २००३ मध्ये सुरू झालेल्या युद्धाच्या घाईवर त्यांनी पुढे केलेली टीका ही कोलांटउडी नव्हे, कारण अधिकार देणे आणि तो कसा वापरला गेला याचा जाब विचारणे या दोन गोष्टी एकाच व्यक्तीला प्रामाणिकपणे करता येतात.

माझा आक्षेप ऑगस्ट २००४ मधील उत्तरावर आहे. इराकमध्ये शस्त्रांचे साठे सापडले नाहीत हे तोवर स्पष्ट झाले होते, तरी आज माहीत असलेले तेव्हा माहीत असते तरीही आपण तो अधिकार दिला असता, असे त्यांनी ग्रँड कॅन्यन येथे सांगितले. आणि महिनाभरातच त्याच युद्धाला ‘चुकीच्या ठिकाणी, चुकीच्या वेळी केलेले चुकीचे युद्ध’ म्हटले. ज्या शस्त्रांसाठी त्यांनी २००२ मध्ये मत दिले ती नव्हतीच, तर तेच मत पुन्हा कशासाठी दिले असते, हे मतदारांनी त्यांना विचारायला हवे होते.