अलार्म वाजला की आधी पेशंट बघ
अगं, आयसीयूत पहिल्या आठवड्यात प्रत्येक अलार्मला छातीत धस्स होतं. तरी नजर आधी पेशंटकडे, मग स्क्रीनकडे. एसपीओटू, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, 78 टक्के दिसला तर स्क्रीनवर शेजारची नाडीची लाट बघ. ती वेडीवाकडी असेल, बोटं गार असतील, तर प्रोब (बोटावरचा सेन्सर) दुसऱ्या बोटाला लाव, नेलपॉलिश पूस. लाट स्वच्छ आणि आकडा तरीही कमी? मग लगेच डॉक्टरांना हाक मार. आर्टेरियल लाइनचा (धमनीत घातलेल्या, सतत बीपी दाखवणाऱ्या नळीचा) ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाब मोजणारा सेन्सर, हृदयाच्या पातळीलाच हवा. 10 सेंटिमीटर खाली राहिला तर बीपी 7-8 मिमी पाऱ्याने जास्त दिसतं. बेड वर घेतलास की परत जुळव. एका रात्रपाळीत अलार्म कुणीतरी बंदच करून ठेवलेला मला सापडला होता, अजून अंगावर काटा येतो. सारखा वाजतोय म्हणून बंद करू नकोस; डॉक्टरांना विचारून त्या पेशंटपुरत्या मर्यादा बदलून घे.